‘ढ’ मुलगा आणि हरवलेलं शेवटचं प्रकरण

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. नीट लक्ष द्या हं!

शेरलॉक होम्स तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल १९३० साली वारले. त्यानंतर तब्बल ८१ वर्षांनी एका लेखकाने होम्सची नवी कादंबरी लिहिली, आणि तीही डॉईल यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्या मंडळींच्या रीतसर संमतीने. याच लेखकाने जेम्स बाँडच्या तीन नव्या मोहिमा लिहिल्या. याच लेखकाने एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाला गुप्तहेर बनवलं, आणि त्या मुलाच्या पुस्तकांच्या दोन कोटींहून जास्त प्रती जगभर खपल्या. गंमत म्हणजे हाच लेखक लहानपणी वर्गात अगदी शेवटी असायचा. शाळेने त्याला चक्क ‘ढ’ ठरवलं होतं!

ओळखा पाहू, कोण ते?

नाही येत? बरं, मीच सांगते. नाव थोडं जिभेला वळसा घालणारं आहे : अँथनी होरोविट्झ. इंग्लंडचे नावाजलेले रहस्यकथालेखक. तुमच्यापैकी काहींनी त्यांची पुस्तकं वाचलीही असतील. ज्यांनी वाचली नसतील, त्यांच्यासाठी ही ओळख.

सत्तरी आणि नवं पुस्तक

५ एप्रिल २०२५ या दिवशी होरोविट्झ आजोबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. आणि त्याच महिन्यात त्यांची ‘मार्बल हॉल मर्डर्स’ ही जाडजूड रहस्यकादंबरी ब्रिटनमध्ये दुकानांत आली. म्हणजे वाढदिवस त्यांचा आणि भेट मात्र वाचकांना!

हे पुस्तक एका मालिकेतलं तिसरं. पहिलं ‘मॅगपाय मर्डर्स’ २०१६ साली आलं, दुसरं ‘मूनफ्लॉवर मर्डर्स’ २०२० साली. पहिल्या दोन्हींवर टीव्ही मालिका निघाल्या, एक २०२२ मध्ये आणि दुसरी २०२४ मध्ये. त्यांच्या पटकथाही होरोविट्झ यांनी स्वतःच लिहिल्या. तिसऱ्या पुस्तकाचीही मालिका करायचं जाहीर झालं आहे.

२०२२ च्या नव्या वर्षी त्यांना साहित्यातल्या कामाबद्दल ‘सीबीई’ हा ब्रिटनचा मानाचा किताब मिळाला. आपल्याकडे पद्म पुरस्कार असतात ना, तसाच समजा.

इतकं सगळं ऐकल्यावर वाटतं, हा माणूस जन्मापासूनच हुशार असणार. पहिला नंबर, शाळेत बक्षिसं, शिक्षकांचा लाडका. पण हाच तर या गोष्टीतला खोटा माग आहे!

शेवटच्या नंबरचा मुलगा

अँथनीचा जन्म १९५५ सालचा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या स्टॅनमोर या गावातला. घर श्रीमंत होतं, मोठा बंगला, नोकरचाकर, कशाला काही कमी नव्हतं. पण पोरगा होता लठ्ठ, बुजरा आणि आतून खूप दुःखी. वयाच्या आठव्या वर्षी त्याला घरापासून दूर निवासी शाळेत पाठवलं. तुमच्यातले तिसरीतले मित्र आठ वर्षांचे असतात. एवढंसं पोर आईपासून लांब, आणि शाळा कशी? तर छडीचा मार देणारी.

अभ्यासात अँथनी मागे होता. एकदा तर मुख्याध्यापकांनी त्याला साऱ्या शाळेसमोर उभं केलं आणि हा मुलगा किती मूर्ख आहे ते सगळ्यांना ऐकवलं. होरोविट्झ यांनी मोठेपणी ही हकिकत अनेकदा सांगितली आहे. पन्नास वर्षं उलटून गेली, केवढं नाव झालं, पण तो प्रसंग त्यांच्या मनातून गेलेला नाही. बघा हं, मोठ्या माणसाचं एक वाक्य लहान मुलाच्या मनात किती खोल जाऊन बसतं!

मग या मुलाने काय केलं? रडला का? रडलाही असेल. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. रात्री झोपायच्या खोलीत दिवे गेले, की तो बाकीच्या मुलांना गोष्टी सांगायचा. गोष्टी कसल्या, तर सूड उगवण्याच्या! दुष्ट माणसांना भयंकर शिक्षा होतेय, दुबळा मुलगा शेवटी जिंकतोय, अशा. दिवसा जो वर्गात सगळ्यांच्या मागे, त्याच्याकडे रात्री सगळे कान लावून बसायचे. कल्पना करा, अंधारात दहा-बारा पोरं पांघरुणात गुरफटून विचारताहेत, ‘‘पुढे काय झालं रे?’’

शाळेतल्या ग्रंथालयाने त्याला दुसरा आसरा दिला. टिनटिनच्या चित्रकथा तर त्याच्या जीव की प्राण. आपण लेखकच होणार, हे त्याने फार लहानपणीच मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्याची आईही जगावेगळी. ती पोराला ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ड्रॅक्युला’सारख्या भयकथा वाचायला द्यायची. आणि तेराव्या वाढदिवसाला तिने त्याला काय दिलं असेल? सायकल? घड्याळ? छे! माणसाची खरीखुरी कवटी! ती कवटी पुढे त्यांनी लिहायच्या टेबलावर ठेवली. आपल्यालाही एक दिवस असंच व्हायचं आहे, तेव्हा हातातली गोष्ट वेळेवर पुरी करा, अशी आठवण ती करून देते म्हणे!

घरातलंच न सुटलेलं रहस्य

रहस्यकथालेखकाच्या घरातच एक रहस्य होतं. त्याचे वडील मोठे व्यावसायिक. पुढे त्यांच्यावर दिवाळं निघायची पाळी आली. तेव्हा त्यांनी आपला पैसा गुपचूप स्वित्झर्लंडमधल्या बँकांच्या खात्यांत हलवला. ही खाती होती फक्त आकड्यांवर चालणारी. अँथनी बावीस वर्षांचा असताना वडील कर्करोगाने गेले. जाताना खात्यांचं गुपितही सोबत गेलं. आईने पुष्कळ शोध घेतला, पण तो पैसा घरच्यांना कधीच सापडला नाही.

कथेत गुप्तहेर शेवटच्या पानावर सगळं उलगडून सांगतो. खऱ्या आयुष्यात तसं दरवेळी होत नाही, नाही का?

पैसा गेला, पण अँथनीने लेखणी सोडली नाही. यॉर्क विद्यापीठातून तो १९७७ साली पदवी घेऊन बाहेर पडला, आणि १९७९ साली त्याचं पहिलं मुलांचं पुस्तक छापून आलं. पोटापाण्यासाठी जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरीही केली. १९८६ मध्ये त्याने दोन भावांची एक धमाल कथा लिहिली. मोठा भाऊ टिम स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवतो, पण अकलेचा कांदा! खरी डोकॅलिटी चालते ती तेरा वर्षांच्या धाकट्या निकची. (तुमच्या घरी असं कोण आहे, ते विचारत नाही हं!)

मग टीव्हीसाठी लेखन सुरू झालं. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या हर्क्यूल प्वारोच्या मालिकेसाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची ‘फॉइल्स वॉर’ ही मालिका तर त्यांचीच निर्मिती. ती २००२ ते २०१५ अशी चालली.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली का? पहिलं पुस्तक आलं १९७९ साली. आणि ज्या पुस्तकाने त्यांचं नाव घरोघरी पोचलं, ते आलं २००० साली. मध्ये गेली एकवीस वर्षं!

सीटबेल्टचा धागा

ते पुस्तक म्हणजे ‘स्टॉर्मब्रेकर’. त्याचा नायक अ‍ॅलेक्स रायडर, वय वर्षं चौदा. आईवडील नाहीत, काकाने वाढवलेलं. एके रात्री पोलीस दारात येऊन सांगतात, की काका मोटार अपघातात गेले. सीटबेल्ट लावला नव्हता म्हणे.

इथे अ‍ॅलेक्सच्या डोक्यात चक्र फिरू लागतं. काका तर सीटबेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच करत नसत! मग तो ती मोडकी गाडी शोधून काढतो, आणि काचेवर त्याला दिसतात बंदुकीच्या गोळ्यांची भोकं. काका साधे बँकवाले नव्हते, ते ब्रिटनचे गुप्तहेर होते! पुढे अ‍ॅलेक्सलाच त्या कामात ओढलं जातं. बंदूक त्याला देत नाहीत. हाती येतात ती मुलांची खेळणी : यो-यो, व्हिडिओ गेम, आणि मुरुमांवर लावायचं मलम. पण ते मलम लोखंड वितळवतं!

आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवला ना? तोही शाळकरी, तोही चौकस, आणि संकट त्याचा पत्ता विचारत येणार! फरक एवढाच, की फेणे सायकलवरून निघतो आणि अ‍ॅलेक्स कधी कधी विमानातून उडी मारतो.

अ‍ॅलेक्सच्या वाचकांना एकदा मोठा धक्का बसला. २०११ साली ‘स्कॉर्पिया रायझिंग’ आलं, तेव्हा होरोविट्झ यांनी हे या मुलाचं शेवटचं साहस असल्याचं सांगितलं. पण २०१७ मध्ये अ‍ॅलेक्स परत आला! २०२३ मध्ये ‘नाइटशेड रिव्हेंज’ हे त्याचं आणखी एक पुस्तक आलं. त्याआधी २००६ साली त्याच्यावर सिनेमा निघाला आणि २०२० साली टीव्ही मालिका सुरू झाली.

असंच शंभर वर्षांपूर्वीही घडलं होतं बरं का! डॉईलसाहेबांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारून टाकलं. वाचक इतके हळहळले, की १९०३ साली त्याला जिवंत होऊन परतावं लागलं. म्हणजे नायकाचं भवितव्य लेखकाच्या हाती खरं, पण वाचकांचाही त्यात थोडा हात असतो.

शेवटचं प्रकरण कुठे गेलं?

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येऊ. ‘मॅगपाय मर्डर्स’ची कल्पना फार भन्नाट आहे. सुझन रायलंड नावाच्या संपादिकेकडे एका लेखकाचं हस्तलिखित येतं. त्यात अटिकस प्युंड नावाचा गुप्तहेर एका खेड्यातल्या खुनाचा तपास करतो. सुझन वाचत जाते, आपणही तिच्याबरोबर वाचत जातो. आता खुनी कळणार, एवढ्यात कागद संपतात. शेवटचं प्रकरणच गायब! त्यात भर म्हणजे ज्याने ते लिहिलं, तो लेखकही मरण पावलेला. आता सुझनला दोन रहस्यं सोडवायची आहेत. पुस्तकातलं एक आणि पुस्तकाबाहेरचं एक!

चांगल्या रहस्यकथेचा एक नियम असतो. लेखकाने वाचकाशी लपवाछपवी करायची, पण फसवणूक नाही. खरा धागा वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवायचा, फक्त त्याच्यावर इतर दहा गोष्टी पसरून द्यायच्या. शेवटी उत्तर कळलं, की वाचकाने कपाळावर हात मारून म्हणायला हवं, ‘‘अरे, हे तर मी वाचलं होतं की!’’ वरचा सीटबेल्ट आठवा. साधा एक शब्द, पण सारी कथा त्याच्यावर उभी आहे.

यासाठी लागते ती आखणी. होरोविट्झ आधी कथेचा सगळा नकाशा डोक्यात आणि कागदावर तयार करतात. खुनी कोण हे ठरल्यावाचून पहिलं पान लिहायचं तरी कसं? आणि संगणकाच्या या जमान्यातही त्यांचा पहिला खर्डा उतरतो तो शाईच्या पेनाने! तुमच्या बाई किंवा गुरुजी ‘आधी कच्चं लिहा, मग पक्कं करा’ म्हणतात, तेव्हा नाक मुरडू नका.

आपल्या मराठीतही रहस्यकथांची मोठी परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांची नावं आजोबांसमोर काढून बघा. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून त्या कथा कोणी कोणी वाचल्या, ते हळूच बाहेर येईल!

लेखक भेटतात तेव्हा

नवं पुस्तक आलं, की इंग्लंडमधले लेखक वाचकांच्या भेटीला निघतात. पुस्तकांची दुकानं, ग्रंथालयं, साहित्याचे महोत्सव, शाळा. तारखा आधीच जाहीर होतात. लेखक थोडं वाचून दाखवतात, प्रश्नांना उत्तरं देतात, आणि मग पुस्तकावर सही घ्यायला रांग लागते. होरोविट्झ तर अशा कार्यक्रमांत रंगून बोलतात. ज्यांना लहानपणी शाळा नकोशी वाटायची, तेच पुढे शाळाशाळांमधून मुलांना भेटायला गेले.

या भेटीगाठींतूनही त्यांनी कथा काढलीच! ‘अ लाइन टू किल’ या २०२१ च्या कादंबरीत ऑल्डर्नी नावाच्या चिमुकल्या बेटावर साहित्य महोत्सव भरतो. तिथे पाहुणे म्हणून कोण जातं? खुद्द अँथनी होरोविट्झ, स्वतःच्याच पुस्तकात! आणि महोत्सव चालू असतानाच खून होतो. शोध लावतो तो हॉथॉर्न नावाचा डिटेक्टिव्ह, आणि आपले लेखकमहाशय त्याच्यामागे धावत दरवेळी चुकीचा तर्क करतात. स्वतःची अशी थट्टा करायलाही मन मोठं लागतं.

आपल्याकडेही लेखक भेटतात बरं का. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आहे. पुण्यात २०२३ पासून डिसेंबर महिन्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात पुस्तक महोत्सव भरू लागला. गावोगावी ग्रंथदिंड्या निघतात. कधी तालुक्याच्या वाचनालयातच एखादे लेखक येतात. तेव्हा नुसती सही घेऊन पळू नका. एखादा प्रश्न विचारा. ‘तुम्ही किती पुस्तकं लिहिलीत?’ हे तर पुस्तकाच्या मागेच छापलेलं असतं. त्याऐवजी असं विचारून पाहा :

● तुम्ही शेवट आधी ठरवता की नंतर?
● लिहिलेलं सगळ्यात मोठं काय खोडून टाकलं?
● आमच्या वयाचे असताना तुम्हाला कशाची भीती वाटायची?

बघा, लेखक खुर्चीत सावरून बसतील!

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, हे पान मुलांबरोबर तुम्हीही वाचता, म्हणून सांगते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. प्रगतिपुस्तकं वाटायच्या दिवशी काही चेहरे दाराआड लपतात. गणितात कच्चा असलेला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत पिंपळाच्या पारावर बसून अशी काही गोष्ट रंगवतो, की पाचवी-सहावीची मोठी मुलंसुद्धा खेळ सोडून ऐकायला येतात. ही गोष्ट प्रगतिपुस्तकाच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

गणित यायला नको, असं मी म्हणत नाही. ते यायलाच हवं, त्यासाठी मेहनतही घ्यायला हवी. पण शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर ‘आमचा हा जरा ढच आहे’ असं हसत हसत म्हणू नका. आपण विसरून जातो, मूल विसरत नाही. होरोविट्झ यांच्यापाशी ग्रंथालय होतं, आईने दिलेली पुस्तकं होती आणि ऐकायला मित्र होते. निदान एवढं तरी आपल्या प्रत्येक मुलाला मिळावं. चौथीच्या निकालाला पोराच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण समजायची घाई कशाला?

आणखी एक. अ‍ॅलेक्स रायडरची पुस्तकं साधारण अकरा-बारा वर्षांपासून पुढच्या मुलांना आवडतील. ‘मॅगपाय मर्डर्स’ वगैरे मात्र मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. त्या आधी तुम्ही वाचा. आवडतीलच!

आता तुम्हीच गुप्तहेर

चला मुलांनो, आता तुमची परीक्षा. घाबरू नका, मार्क नाहीत!

सहलीच्या वर्गणीतली पन्नासाची नोट टेबलावरून गायब झाली. बाईंनी तिघांना विचारलं.

मीना म्हणाली, ‘‘मी तर पाणी प्यायला गेले होते.’’

सलीम म्हणाला, ‘‘मी फळा पुसत होतो, माझी टेबलाकडे पाठ होती.’’

बंड्याने खिशातून नोट काढून दिली आणि म्हणाला, ‘‘बाई, मी घेतली नाही. वाऱ्याने उडाली असेल. मला ती आत्ता भूगोलाच्या पुस्तकात सापडली, बरोबर ४७ आणि ४८ या पानांच्या मधोमध!’’

बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बंड्या, खरं काय ते सांग.’’

बाईंना कसं कळलं? उत्तर वाचण्याआधी कोणतंही पुस्तक उघडा आणि दोन मिनिटं विचार करा. धागा तुमच्या हातातच आहे.

सापडलं? ४७ आणि ४८ ही एकाच कागदाची दोन अंगं! समोरचं अंग ४७, ते उलटलं की ४८. त्यांच्या मधे नोट राहणार कशी?

आता खरा गृहपाठ. बंड्याने ती नोट का घेतली असेल? या गोष्टीचं शेवटचं प्रकरण मी लिहिलेलंच नाही. ते तुम्ही लिहायचं. वहीचं एक पान पुरे. आधी कच्चं, मग पक्कं. आणि लिहून झालं, की रात्री झोपताना घरात कोणाला तरी वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘‘पुढे काय झालं?’’ असं विचारलं, तर समजा जमलं!

मग, लागताय ना कामाला?